थांबवायचा अधिकार

एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सकाळी फोन करून त्यांची विचारपूस करायची, हे त्या संस्थेचं काम. काकूंचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं होतं. आधी त्या स्वतः फोन करत, मग फोन करणाऱ्या बायकांच्या प्रमुख झाल्या. नवरा गेल्यावर ते काम त्यांनी धाकट्या जावेच्या हाती दिलं आणि स्वतः देणगीदारांचा पत्रव्यवहार बघू लागल्या. घरी काकू वरच्या मजल्यावर, जाऊ खालच्या. कामावर दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. मूलबाळ नसलेल्या काकूंना दिवसातलं खरं बोलणं तेवढंच.

एका सकाळी एका निवृत्त मुख्याध्यापिकेची तक्रार आली. त्यांना कुणा मंजुळ आवाजाच्या बाईनं फोनवर यजमानांचा खोकला कसा आहे म्हणून विचारलं होतं. यजमान नुकतेच वारले होते. तसं त्यांनी सांगितल्यावर तो आवाज म्हणाला, "छान. काळजी घ्या." आणि फोन बंद झाला.

ती बाई नव्हतीच, यंत्र होतं. ते कुणाच्या परवानगीनं सुरू झालं, याचा मात्र ताकास तूर लागेना. संगणक विभागाच्या प्रमुखाला सगळे 'प्लग' म्हणत. काहीही बिघडलं की तो आधी प्लग काढून परत लावायला सांगायचा. त्यानं खरेदी विभागाकडे बोट दाखवलं, खरेदीवाल्यांनी संचालकांकडे. संचालक म्हणाले की ती नुसती चाचणी होती. मग तक्रार देणगीदारांच्या कानावर गेली आणि वरातीमागून घोडं निघालं. संस्थेत कुठलं यंत्र यावं, कसं वापरावं, हे बघायला एक समिती नेमायचं ठरलं. अध्यक्षपद काकूंच्या गळ्यात पडलं, कारण त्यांचं कुणाशी वाकडं नव्हतं.

जाऊ खूश झाली. यंत्र आलं की आपली गरज संपणार, अशी तिच्या बायकांना धास्ती होती. "ताई, तुम्ही आहात म्हणजे आता चिंता नाही," असं ती डबा खाताना म्हणाली. काकूंनी नुसती लोणच्याची फोड तिच्या डब्यात ठेवली. तिथंच बोलायला हवं होतं, असं त्यांना पुढे बरेचदा वाटलं.

पहिल्या बैठकीला झाडून सगळ्या विभागांचे प्रमुख आले. चहा झाला, यंत्राची स्तुती झाली, सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. उठताना प्लगच्या तोंडून सहज निघून गेलं की यंत्राच्या करारावर सही केव्हाच झाली आहे. काकू तशाच संचालकांच्या खोलीत गेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. समितीला थांबवायचा अधिकार नसेल तर माझं नाव काढा, आणि का काढलं ते देणगीदारांना मीच कळवते, एवढंच म्हणाल्या. संचालकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मान्य केलं. त्या दिवसापासून जिन्यात भेटले की ते फक्त हवापाण्याबद्दल बोलू लागले.

काकूंनी समिती लहान केली. प्लग, जाऊ, हिशेबनीस आणि त्या स्वतः. पाचवी खुर्ची त्यांनी मुख्याध्यापिका बाईंना दिली. ज्यांना फोन जातात त्यांच्यातलं कुणीतरी हवंच, असा त्यांचा हट्ट होता. समितीनं हो म्हटल्याशिवाय कुठलंही यंत्र चालू होणार नाही, चालू झालेल्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असेल, आणि निर्णय का घेतला ते सगळ्यांना साध्या भाषेत सांगितलं जाईल, असं ठरलं. तोवर यंत्र बंद. आडकाठी करणारी बाई म्हणून काकूंचं नाव संचालकांच्या मजल्यावर झालं ते तेव्हाच.

मग यंत्राचं काय करायचं, ही बैठक आली. प्लगनं सांगितलं की फोनची वाट बघणारे कितीतरी लोक यादीत नुसते पडून आहेत, आणि सगळ्यांना फोन करायला माणसं पुरत नाहीत. जाऊ म्हणाली, असल्या फोनपेक्षा न आलेला बरा, आणि पाठिंब्यासाठी तिनं बाईंकडे पाहिलं. बाई हातातली काठी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या.

"चुकलंच ते," बाई सावकाश म्हणाल्या. "दिवसभर माझ्या जिवाला चैन नव्हती. पण एक सांगू? हे गेल्यापासून त्यांचं नाव माझ्यासमोर कुणी काढत नाही. फोन करणाऱ्या तुमच्या मुलीसुद्धा नाही. मला वाईट वाटेल म्हणून. त्या यंत्रानं तेवढं तरी काढलं."



"मला फसवू नका," त्या पुढे म्हणाल्या. "यंत्र आहे तर यंत्र आहे म्हणून सांगा. चुकलं तर कुणाशी भांडायचं ते सांगा. आणि माणसाचा फोन बंद करू नका. मग येऊ दे ते. सकाळ फार लांब असते हो."

मतं घेतली. बाई आणि प्लग एका बाजूला, जाऊ आणि हिशेबनीस दुसऱ्या. हिशेबनिसाला नव्या गोष्टींची मुळातच भीती. राहिल्या काकू. जाऊ त्यांच्याकडे बघत होती, नवी नवरी होऊन घरात आली तेव्हा बघायची तशी, आता ताई सांभाळून घेतील या भरवशानं.

काकूंनी बाईंच्या अटींसह यंत्राच्या बाजूनं मत दिलं. फोन करणाऱ्या एकाही बाईचं काम कमी होणार नाही, ही अट त्यांनी स्वतः घातली आणि संचालकांकडून मान्य करून घेतली. पण जावेनं ती ऐकूनच घेतली नाही. तिला फक्त वर गेलेला हात दिसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आपल्या बायकांमध्ये जाऊन बसली. काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्या बैठकीच्या खोलीत जाऊन एकट्याच जेवल्या. घरी जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. जाऊ म्हणाली, "तुम्ही बरोबरच असाल, ताई. पण मला तुम्ही बरोबर नको होतात. माझ्या हव्या होतात."

काकू वर गेल्या, दिवा न लावता पलंगावर बसून राहिल्या.

दुरुस्त केलेलं यंत्र काही आठवड्यांनी सुरू झालं. चुकलं की फोन जावेकडे येई. ती जबाबदारी तिनं काकूंशी न बोलता, प्लगकरवी होकार कळवून घेतली आणि चोख निभावली. वाट बघणाऱ्यांची यादी कमी होत गेली. पुढे खरेदीवाल्यांना दारावर कॅमेरे बसवायचे होते, तर न बोलावता ते आधी समितीकडे आले. अशी समिती आमच्याकडेही काढून द्या म्हणून दुसऱ्या एका संस्थेनं काकूंना विचारलं. संचालकांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि चहाला दुसऱ्या टेबलावर गेले.

कॅमेऱ्यांच्या बैठकीत जावेनं एक चांगला मुद्दा काढला. कॅमेऱ्यात टिपलेलं कोण बघणार, हे आधी ठरू दे. काकूंना मनापासून पटलं. "मला इतकंच म्हणायचंय, अध्यक्ष मॅडम," म्हणून जाऊ खाली बसली.

काकूंनी मुद्दा नोंदवून घेतला. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचंय?"