हरिकेन टांगायचं नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या शेडमध्ये रिक्षांची हुडं शिवली जायची. अजूनही जातात, पण मागच्या भिंतीशी, अंग चोरून. पुढची ऐसपैस जागा सध्या एका सुकाणूने अडवली होती. सुकाणू म्हणजे विमानाच्या शेपटीवरचं उभं पातं. ते वळलं की विमान वळतं. विमानाचं नाव हरिकेन. दुसऱ्या महायुद्धात ही लढाऊ विमानं हजारोंनी बनली आणि हजारोंनी पडली. आज जगात उडणारी वीसही नसतील. त्यातल्या एकाचं सुकाणू शेड चालवणाऱ्या, नौपाड्यात राहणाऱ्या क्षिप्रा करंदीकरच्या टेबलावर पाहुण्यासारखं ऐटीत पहुडलं होतं.

हरिकेनचा शेपटाकडचा भाग कापडाचा. धातूच्या सांगाड्यावर लिनन ताणायचं, एकेका बरगडीला मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं आणि वर रोगणाचे हात द्यायचे, म्हणजे ते हलगीसारखं घट्ट बसतं. क्षिप्रा हे कुठल्या कॉलेजात शिकली नव्हती. व्हिडिओ बघून, कापड वाया घालवून, बोटं टोचून घेऊन शिकली होती. लोक हसले, हुडं शिवणारी बाई विमान शिवणार म्हणून. ती म्हणाली, "हूड उसवलं तर माणूस भिजतो, हे उसवलं तर माणूस पडतो. तेव्हा टाका जरा जपून घालायचा, एवढंच."

विमान होतं इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांना ते उडताना बघायचं होतं. त्यांचा पुतण्या मात्र ते एका हॉटेलला द्यायला टपला होता, लॉबीत छताला टांगायला. शेवटी घरात ठरलं, सुकाणू तपासणीत उतरलं तर विमान उडेल, नाहीतर पुतण्याचं खरं. आणि ती तपासणी करायला आज देवेश आला होता. डोंबिवलीत वाढलेला, आता तिकडचा इंजिनियर; हे काम ठाण्यापर्यंत त्यानेच आणलेलं. वागणं अजून डोंबिवलीचंच. आल्या आल्या चहात बिस्किट बुडवून खाल्लं.

त्याने टाके बघितले, गाठी चाचपल्या, कापडावर टिचकी मारली. टण्णकन आवाज आला. "एक नंबर, क्षिप्राताई," तो म्हणाला. क्षिप्राच्या जिवात जीव आला.

मग त्याने सुकाणू एका बाजूने उचललं.

आत काहीतरी खुळखुळलं.

त्याने दुसरी बाजू उचलली. खुळखुळणारं इकडून तिकडे गेलं.

"नट राहिलाय आत?"

"शक्यच नाही," क्षिप्रा म्हणाली. "एकेक मोजून घेतलाय मी."

शिलाईच्या बैठकीवरून हौसाबाईंचा आवाज आला. हौसाबाई कोपरहून यायच्या; मूळच्या खटावकडच्या, हयात गोधड्या शिवण्यात गेलेली. सुकाणूची शेवटची शिवण त्यांच्याच हातची.

"नट न्हाई त्यो. घास हाय."

"कसला घास?"

"भाकरीचा. आवं ताई, गोधडीचं शेवटचं त्वांड मिटायच्या आधी आत येक घास घालत्यात आमच्याकडं. उपाशी मिटली, तर पांघरणाऱ्याची झोप खाती ती. आन् ह्ये तर आभाळात जायचं. ह्येला उपाशी कसं धाडू?"

देवेशने कपाळाला हात लावला. "मावशी, सुकाणूचं वजन तोलून धरलेलं असतं. आत तुकडा फिरला तर वर शेपूट थरथरायला लागते. विमान हातात राहत नाही. पायलट जाईल ना!"

"आगं बया," हौसाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

क्षिप्राला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायचं कुठल्या तोंडाने? लिनन, दोरा, रोगण, सगळं तिने हौसाबाईंना शिकवलं होतं. आत काही ठेवायचं नाही, हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोणाच्या येईल?

देवेशने खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, मी याला उडायला पास करू शकत नाही. पण टांगायला करू शकतो. छताला लटकलेल्या विमानात भाकरी असो नाहीतर पुरणपोळी, कोण विचारतंय? तुमचं काम दिसायला सुंदर आहे. नाव होईल. लॉबीत खाली पाटीसुद्धा लावतील."

"पाटी," क्षिप्रा म्हणाली.

"हो ना. ठाण्यात शिवलं म्हणून."

तिने ती लॉबी डोळ्यांपुढे आणली. खाली सोफे, वर हरिकेन, पंख पसरून, पोटाला तारा बांधलेल्या. लोक सेल्फी काढतायत. वर्षाकाठी कोणीतरी शिडी लावून धूळ झटकतंय.

"युद्धात या विमानांच्या कापडाची गोळ्यांनी चाळण व्हायची," ती म्हणाली. "ती ठिगळं लावून परत वर पाठवायचे की नाही?"

"पाठवायचे. पण—"

"मग आमचं भाकरीचं भोक काय गोळीपेक्षा मोठं आहे?"

"ठिगळ चालतं, ताई. पण तुकड्याचा चुरा झाला असेल तर? बरगड्यांत कुठे कुठे अडकला असेल? मला आतला कोपरा न् कोपरा दिसायला हवा. म्हणजे अख्खं कापड काढायचं, पहिल्यापासून शिवायचं. आणि पुतण्या थांबणार नाही. आज मी हो म्हटलं नाही, की तो हॉटेलला फोन करणार."

"करू दे."

तिने मोठी कात्री उचलली. देवेश उठायच्या आत पातं कापडात शिरलं. ताणलेलं लिनन चर्रर्र करत वरपासून खालपर्यंत फाटलं.

"अहो! आता टांगण्याच्याही लायकीचं राहिलं नाही!"

"म्हणून तर फाडलं. लाव फोन. पुतण्याला नाही, बाईंना."

हसू दाबत देवेशने फोन लावला, काय झालं ते सगळं सांगितलं, भाकरीसकट. पलीकडून पुतण्याचाच आवाज आला, तावातावाने. म्हातारीच्या हातून त्याने फोन घेतला असावा.

क्षिप्राने फोन आपल्याकडे ओढला. तिचं इंग्रजी दुकानदारीपुरतं, पण आज त्याला धार आली होती. "मिस्टर, तुम्हाला छताला काहीतरी टांगायचंच असेल तर झुंबर टांगा. आणि फोन काकूंना द्या. विमान त्यांचं आहे."

पलीकडे खडखड झाली. आणि मग एक थकलेला, पण खुशीत आलेला आवाज म्हणाला, नवीन कापडाला किती दिवस लागतील?

क्षिप्राने मागे वळून बघितलं. हौसाबाई फाटलेलं लिनन बाजूला सारून सांगाड्याची एकेक बरगडी ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"किती दिवस सांगू, हौसाबाई?"

"तुमी जास्तीचं दिस भांडून घ्या आदी," हौसाबाई म्हणाल्या. "तवर म्या दोरा ववते."