पुंजाजीच्या नावाचं रक्त

पुंजाजी कंडक्टरला दुखणं लागलं ते कागदावरून. तोवर गडी बासष्टीतही खडखडीत होता, सायकलवर सोनाळ्याला जाऊन यायचा. पण मंगळवारी लेकीने फोनवर कागद वाचून दाखवला आणि त्याच दुपारी त्याचे पाय जड झाले, छातीत कसंसंच झालं. त्याने निंबाखाली बाज टाकली ती टाकलीच. माणसाचं मन म्हणजे भलतीच चीज आहे बुवा.

लेक म्हणजे सारिका. ती नागपूरला रक्तवाहिन्यांवर संशोधन करते. बापाला समजेल असं तिने मागेच सांगितलं होतं, की रक्ताच्या नळीला आतून अस्तर असतं, सारवलेल्या भिंतीसारखं. दुखण्याने ते झिजलं की त्याचे बारीक कण सुटतात आणि रक्तातून वाहत राहतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण यंत्र त्यांना उजेडाच्या रेघेसमोरून एकेक करून सोडतं आणि मोजतं. फार निघाले तर समजायचं, नळी आतून दुखावली आहे. कण रोगाचं नाव सांगत नाहीत, नुसता इशारा देतात. पुढची तपासणी डॉक्टरने करायची.

या अभ्यासासाठी सारिकाच्या लोकांनी गावातच, वरवट बकालला शिबिर घेतलं. एका घरातून पंचावन्नच्या पुढचं एकच माणूस हवं होतं. कार्ड आलं पुंजाजीच्या नावाचं. इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला, जनकाबाईला, सोबत घेऊन तो समाजमंदिरात गेला. एसटीत तीस वर्षं काढलेला माणूस, दारुड्या उतारूला बखोट धरून खाली उतरवणारा. पण पुढच्या माणसाच्या दंडात सुई शिरताना पाहिली आणि याची बोबडीच वळली. जनकाबाईच्या हातात कार्ड कोंबून म्हणाला, जाय, तूच दे. घरातलं एक रक्त पाहिजे ना, मंग तुहं काय अन् माहं काय.

आणि त्याला ते मनापासून पटलंही होतं, बरं का. रेशन घराला मिळतं, विहाराची वर्गणी घरावर पडते, लग्नाचं आवतण घराला येतं. मग रक्तच तेवढं माणसागणिक कसं? जनकाबाई मुकाट्याने रक्त देऊन आली. टेबलावरच्या शहाण्याने कार्डाचा नंबर उतरवून घेतला, समोरचं माणूस काही पाहिलं नाही. सारिका तेव्हा बाहेर गाडीत नळ्या सांभाळत होती. संध्याकाळी तिने विचारलं, बाबा, दिलं का? हा म्हणाला, हाव, दिलं. लेकीला इतका अभिमान वाटला की पंजाबराव सरपंचालाही तिने सांगितलं, माझ्या बाबांना आग्रह करावा लागला नाही. आता बोला!

तीन आठवड्यांनी मोजणी संपली आणि कुठला नंबर कुणाचा ते उघडलं. बापाच्या नावासमोर सगळ्या गावात जास्त कण. सारिका घाबरली. पुढच्या सोमवारी अकोल्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली; तोवर मीठ कमी, तंबाखू बंद, जड उचलायचं नाही, असं बजावलं. पुंजाजीने सगळं मानलं. सुईचा प्रसंग त्याच्या डोक्यातून पार गेला होता. छापील नाव आपलं, म्हणजे दुखणंही आपलंच. पंजाबराव विचारपूस करायला आला तेव्हा तर त्याचा आवाजही बारीक झाला होता. जनकाबाई अळणी भाकरी आणून द्यायची, पाय चेपायची, हापशावरून पाणी आणायची.

चौथ्या दिवशी दुपारी फाल्गुनाचं ऊन अंगणात सांडलं होतं. उत्तरेला सातपुडा निळसर दिसत होता, तोही अर्धा झोपेत. निंबाची पानं टपटप गळत होती. पुंजाजीचे डोळे मिटले आणि तो पुन्हा ड्युटीवर चढला.

गाडी चालली होती तांबड्या रस्त्याने. रस्ता कसला, लांबच लांब ओलं भुयार होतं, कोमट, मंद धडधडणारं. दोन्ही बाजूंच्या भिंती गुळगुळीत सारवलेल्या. गाडीचा धक्का लागला की पोपडे सुटायचे, हवेत तरंगत यायचे आणि अलगद आत येऊन सीटवर बसायचे. भुरकट, हलके, गरीब स्वभावाचे उतारू. गाडी भरत चालली. पुंजाजीने तिकिटाचं मशीन काढलं आणि एकेकाला विचारू लागला, कुठून बसला? पहिला म्हणाला, जनकाबाईच्या घरून. दुसराही तेच म्हणाला. मागच्या सीटपर्यंत सगळे एकाच थांब्याचे. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. भुयाराच्या कडेला जनका पदर खोचून भिंत सारवत होती. ती हात फिरवायची आणि मागे तेवढंच गळून पडायचं. त्याने घंटीची दोरी ओढली, पुन्हा ओढली. गाडी थांबेना.

तो जागा झाला तेव्हा हात वरच होता. अंगावर निंबाची दोन-चार पानं पडली होती. पुंजाजीला सुई आठवली. कार्ड आठवलं. कुणाची बाही वर झाली होती तेही आठवलं.

जनकाबाई घरात भिंतीला टेकून उभी होती. एका हातात त्याच्या पाण्याचा तांब्या, दुसरा हात छातीवर. दार ते बाज, दहा पावलं. तेवढ्यासाठी ती दम गोळा करत होती. हिला सोमवारी कोणीच अकोल्याला नेणार नव्हतं. नेणार होते ते याला, धडधाकट माणसाला. लेकीला सांगावं तर ती काय म्हणेल? गाव काय म्हणेल? सुईला भ्याला अन् बायकोला पुढे केलं! पुंजाजीला अशी लाज वाटली की बाजेवर बसवेना. त्याने उठून बायकोच्या हातातला तांब्या घेतला, तिला बाजेवर बसवलं आणि फोन लावला.

"सारिका, ते रक्त माहं नोहे. तुह्या मायचं हाये. मी सुईले भेलो."

पलीकडे सारिकाने तेच दोनदा वदवून घेतलं.

जनकाबाई मात्र शांत होती. कागदावरचं दुखणं आपलं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मंग बोलली काऊन नाही वं?" पुंजाजीने विचारलं.

"तुमची तंबाखू सुटली ना. म्हटलं, सोमवारपर्यंत तरी सुटू द्या."

फोनमधून सारिकाचा आवाज आला, रडका, पण कामाचा. सोमवारी आई येईल, बाबाही येतील, तोवर आईनं बाजेवरून उठायचं नाही. मग तिने आईला विचारलं, असा दम कधीपासून लागतो?

"तूर काढली तवापासून," जनकाबाई म्हणाली. "हापशावरून आली का उंबऱ्यावर बसा लागते थोडं."

पुंजाजी ऐकत होता. तूर काढून तीन महिने होत आले होते. तीन महिने ती रोज उंबऱ्यावर बसत होती, आणि रोज आतून तो हाक मारत होता, बसली काय, चाय ठेव.