सांडू नावाला होकार

बाळ तीन आठवड्यांचं होतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, एकदम म्हणाल्या, "याचं नाव सांडू ठेवायचं." सांडू हे त्यांच्या सासऱ्यांचं नाव. बाळ पोटात असताना याच नावावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आता मी म्हणाले, "ठेवा."

शेजारच्या मनकर्णाबाई बाळ बघायला आल्या होत्या. त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "द्वारकाबाई, नशीब काढलं! सून लई गुणाची, उलटून बोलत नाय."

"तेच तर, बाई! माहेरी वैजापूरच्या बाजारात कांदेवाल्याला घाम फोडणारी पोर ही. मी मुद्दाम सांडू म्हणून बघितलं, तरी व्हय म्हणती!"

"नजर लागली असंल."

मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या. मी भिंतीकडं बघत राहिले. बाळ झोपलं तरी मला झोप यायची नाही, घास गिळवायचा नाही. याला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं, एवढंच डोक्यात फिरायचं.

शेवटी आत्याबाईंनी बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी जवळच्याच उस्मानपुऱ्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

माझे मिस्टर बद्रीनाथ गांगरले. "आई, सव्वा महिना तरी होऊ दे. बाळंतिणीनं उंबरा ओलांडू नये, असं तूच म्हणती ना?"

"मीच म्हणले, मीच मोडते. तू रिक्षा बघ."

कानाला फडकं बांधून मी निघाले. डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी विचारलं, "मनात भीती वाटेल असे विचार येतात का?" मी आत्याबाईंकडं बघितलं. "पोरानं ओलं केलं वाटतं," म्हणत त्या कोरड्या बाळाला घेऊन बाहेर गेल्या.

मग मी सगळं सांगितलं. दुसऱ्या आईचंसुद्धा.

"बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतं असं," डॉक्टर म्हणाल्या. "आजार आहे, उपचारानं बरा होतो." अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. आठवड्याला बोलायला यायचं, रात्री बाळाला घरच्यांनी सांभाळायचं, विचार वाढले तर लगेच फोन करायचा.

बाहेर आत्याबाई वाट बघत होत्या. "सांगितलं का समदं?"

"व्हय."

"माझ्याबद्दलबी?"

"तुमचा नंबर पुढच्या आठवड्यात."

त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाळ दचकून रडायला लागलं. मी हात पुढं केले.