हनुवटीवरचा ठिपका

मंजुषा आठल्येला कुणावर पटकन विश्वास ठेवायची सवय नव्हती, आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता. तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला. नकाशा मुलीने काढलाय की तिच्या आईने, हे ती वही उघडताक्षणी ओळखायची. निवृत्तीनंतर हा गुण वाया चालला होता, तेवढ्यात बंगळूरच्या भाच्याने तिला एक ब्लॉग सुरू करून दिला. नाव ठेवलं ‘खिदिरपूरचे आठल्ये’.

लिहायला भरपूर होतं. आजोबा श्यामकांत कोकणातून निघाले ते खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीला लागले आणि आठल्यांच्या तीन पिढ्यांचं कलकत्ता तिथून सुरू झालं. मंजुषा दर रविवारी लिहायची. इथल्या मराठी मंडळातल्या बायका गणपतीत भेटल्या की कौतुक करायच्या. त्यांच्यापैकी निम्म्यांनी वाचलेलं नसायचं, हेही ती ओळखून होती.

पौषात तिने ‘शकुनची कालिंदी झाली’ असा लेख टाकला. आजीच्या माहेरच्या पितळी डब्यावर ‘शकुन’ कोरलं होतं, आणि सासरच्या सगळ्या कागदांवर नाव होतं कालिंदी. यात कोडं कसलं? लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि बाईने जन्मभर त्या नावाला ‘ओ’ द्यायची, ही आपल्याकडची रीतच. खाली तिने आजीचे दोन फोटो लावले. एक आजोबांशेजारी उभी, १९३६चा. दुसरा खुर्चीत बसलेली, १९५२चा.

मंगळवारी ‘एक वाचक’ अशा नावाने प्रतिक्रिया आली. “पहिल्या फोटोतल्या बाईंच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आहे. दुसऱ्या फोटोत नाही. गोंदण पुसलं जात नाही.”

मंजुषाने फोटो मोठा करून पाहिला. ठिपका होता. पन्नासदा पाहिलेल्या फोटोत तो तिला आजवर दिसला नव्हता, आणि या उपटसुंभाला दिसला! तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्या फ्लॅटमध्ये ती जन्मापासून राहत होती, तो अजून आजोबांच्याच नावावर होता. बाबांच्या नावावर करायची खटपट तिने नुकतीच सुरू केली होती, आणि पुण्याचा आत्तेभाऊ सुयश सहीसाठी तीन महिने टोलवाटोलवी करत होता. नेमकं आत्ताच कुणीतरी आजोबांची आणखी एक बायको उकरून काढावी? बायको निघाली की मुलं निघणार, नातवंडं निघणार, आणि एक दिवस वकिलाची नोटीस दारात येऊन पडणार.

तिने ब्लॉगला कुलूप घातलं. तिने वाचून सोडल्याशिवाय आता कुणाचीच प्रतिक्रिया दिसणार नव्हती. ‘एक वाचक’चं मात्र सगळं सोडायचं ठरवलं. कॉपी करणाऱ्या मुलीला बोलू दिलं की तीच चूक करते, हा जुना अनुभव होता.

दोन दिवसांनी पल्लवी नावाच्या कुणाचा तरी मजकूर आला. “नमस्कार. माझ्या आजीची थोरली बहीण लग्न होऊन कलकत्त्याला गेली होती. तिच्या हनुवटीवर असंच…” मंजुषाने पुढचं उघडलंसुद्धा नाही. आला, साथीदार आला! तिने मजकूर काढून टाकला, त्याची ईमेलही काढली, आणि मागे काही राहू नये म्हणून कचरापेटीही रिकामी केली. मग हात धुऊन बाबांसाठी वरणभाताचा कुकर लावला.

बाबा, म्हणजे जयप्रकाशराव, शहाऐंशी वर्षांचे. दिवसभर गॅलरीत बसून टॅबवर पत्ते खेळायचे. तिने त्यांना यातलं काही सांगितलं नाही. या वयात घराची काळजी त्यांच्या डोक्याला कशाला? तरी एकदा जेवताना विचारलंच.

“बाबा, आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं?”

“कढी वाढ थोडी,” बाबा म्हणाले. हल्ली त्यांना ऐकू कमी येत होतं.

शुक्रवारी पुन्हा ‘एक वाचक’. “त्या बाईंना ट्रामची भीती वाटे. खिदिरपूरला ट्रामच्या तारेतून ठिणगी उडाली की त्या पदर तोंडात धरत.” पुढच्या मंगळवारी तर त्याने कहर केला. “श्यामकांतरावांच्या दोन बायका होत्या. दुसरीचं माहेरचं नाव शकुन, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण लग्नात तिचं नाव त्यांनी पहिलीचंच ठेवलं. कालिंदी. म्हणजे कागद बदलायला नकोत आणि कुणी विचारायलाही नको.”

 मंजुषाने थेट सुयशला फोन लावला.

“तू लिहितोयस ना हे?”

“काय लिहितोय?”

“साळसूदपणा पुरे! सही द्यायची नाही तर नको देऊस, पण मेलेल्या आजीची बदनामी कशाला?”

“मंजूताई, मी तुझा ब्लॉग एकदाही वाचलेला नाही,” सुयश म्हणाला. “आणि सही मागच्या आठवड्यातच कुरिअर केलीय. आली की निदान थँक्यू म्हण.”

पाकीट दुसऱ्या दिवशी आलं. मंजुषाला आनंद व्हायला हवा होता, पण तिचा संशयच वाढला. सुयश नाही, तर मग कोण? तिने तारखा मांडल्या. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, आणि दरवेळी सकाळी दहा ते अकरा. त्याच वेळी ती गरियाहाटला भाजी आणायला जायची. म्हणजे तिच्या जाण्यायेण्यावर कुणाचं तरी लक्ष होतं. तिने दाराला जादा कडी बसवून घेतली आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बासूबाबूंशी बोलणं कमी केलं.

मग तिने सापळा लावला. रविवारच्या लेखात मुद्दाम एक थाप घुसवली: “कालिंदी आजी बाबांना लाडाने ‘बन्या’ म्हणत असे.” आजी त्यांना जयू म्हणायची, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाहेरचा भामटा असला तर गप्प बसेल, आणि घरातला कुणी असला तर ‘जयू’ म्हणून फसेल, असा तिचा हिशेब होता.

मंगळवारी ती गरियाहाटला मोचा, म्हणजे केळफूल, निवडत असताना फोनवर नवी प्रतिक्रिया आली. “बन्या कधीच नाही. दुसरी त्यांना जयू म्हणे. पहिली पिटुकल्या म्हणायची, आणि तेही फक्त केस विंचरताना, खोलीत दुसरं कुणी नसताना.”

“दीदी, नेबेन ना?” घेणार नाही का, असं भाजीवाल्याने विचारलं.

मंजुषाच्या हातात मोचा तसाच राहिला. खोलीत दुसरं कुणी नसताना. म्हणजे हे नाव जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक त्या फोटोत आजोबांशेजारी उभी होती. आणि दुसरा या वेळी गॅलरीत बसून पत्ते खेळत असायला हवा होता.

ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. बाबांच्या मांडीवर टॅब होता आणि त्यावर पत्ते नव्हते.

“तुम्ही,” ती म्हणाली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. “रोज माझ्यासमोर जेवता. तोंडाने सांगता आलं नसतं?”

बाबांनी टॅब बाजूला ठेवला. त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

“पाच वर्षांचा होतो मी,” ते म्हणाले. “गोदीवर जपान्यांचे बॉम्ब पडले, त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, तिला कुठल्याशा इस्पितळात पोचवलं आणि मला गावी. दोन वर्षांनी मला परत इकडे आणलं तेव्हा दारात ही उभी. ‘बघ, आई बरी होऊन आली,’ म्हणाले. मी हनुवटीकडे बघितलं. काही बोललो नाही.”

“मग नंतर?”

“नंतर काय? हिने मला पोटच्यासारखं वाढवलं, मंजू. जाताना हात धरून म्हणाली, तू मला कधी परकं केलं नाहीस, आताही करू नकोस. या तोंडाने तिला आई म्हटलंय. त्याच तोंडाने ती माझी आई नव्हती म्हणून कसं सांगू? म्हटलं, लिहून बघू. नाव न घालता.”

“आणि पहिली? तिचं पुढे काय झालं?”

“दादा गेल्यावर त्यांच्या पेटीत इस्पितळाचं कार्ड सापडलं. अठ्ठावीस वर्षं जगली तिथे. कार्डावरही कालिंदीच.” बाबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. “तिचं स्वतःचं नाव मला माहीत नाही. लग्नाआधीचं. दादांनी ते कुठे राहूच दिलं नाही. तुझा ब्लॉग गावोगाव वाचतात म्हणालीस, म्हणून मी ते गोंदणाचं लिहिलं. तिच्या माहेरचं कुणी असेल, त्याला ओळख पटेल. तो नाव सांगेल. मरायच्या आधी एकदा तिला तिच्या नावाने हाक मारावी, एवढंच.”

मंजुषा खाली स्टुलावर बसली. 

“रोज बघतो,” बाबा म्हणाले, “पण अजून कुणाचंच उत्तर नाही.”

“आलं होतं,” मंजुषा म्हणाली.

बाबा एकदम पुढे झुकले. शहाऐंशी वर्षांच्या माणसाचा चेहरा इतका कोवळा होऊ शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

“काय म्हणाले? नाव सांगितलं?”

“मी पुरतं वाचलं नाही, बाबा. मला वाटलं, कुणी घरावर टपलंय. मी पुसून टाकलं.”

खाली रस्त्यात रिक्षाचा भोंगा वाजला. 

“तूही?” बाबा म्हणाले.

मंजुषाला रडू कोसळलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हात जड होता.

“कोण होतं, तेवढं तरी?”

“पल्लवी,” ती म्हणाली. “आडनाव मी बघितलंच नाही.”