शनी येईपर्यंत

जयपाल अण्णांनी दुर्बिणीची नळी केसभर सरकवली, भिंगाला डोळा लावला आणि श्वास धरून ठेवला. शनी सापडला होता. ज्वारीच्या दाण्यात आडवं कुसळ रुतावं, तसं त्याचं कडं दिसत होतं.

"आकाराम! ये बिगी बिगी, घावला!"

शेजारचा आकाराम गोठ्यातून हात पुसत आला. वाकला. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून.

"अण्णा, काळं दिसतंय."

"नीट बघ की रं."

"लय नीट काळं दिसतंय." तो हसला. "ही पायप बोअरला लावा, पानी तरी यील."

कालही असंच झालं होतं.

दुर्बीण मुलानं, गोमटेशनं, पुण्याहून पाठवली होती. आई गेल्यापासूनची बाबांची संध्याकाळ त्याला फोनवरही ऐकू येत असावी. जैन रीतीप्रमाणे अण्णा दिवस असतानाच जेवून घेत. मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. बायकोचं, कस्तुरीचंही तेच होतं, पण आलेल्या माणसाला ती चहा करी. त्यामुळं कुणी ना कुणी ओट्यावर टेकायचं. अण्णांना आभाळात, झाडावर, रस्त्यावर काही दिसलं की ते अंगणातून हाक मारत. गुडघ्यांनी जेरीस आलेली कस्तुरी "आले, आले" म्हणत भिंत धरून यायची. वेळ लागायचा, पण यायची. आता साडेपाचला शेगडी बंद. चहा नाही, ओट्यावर माणूस नाही. तीन संध्याकाळी झटून अण्णांनी शनी शोधला होता, पण एकट्यानं बघितलेली गोष्ट त्यांना बघितल्यासारखी वाटत नव्हती. कुणीतरी शेजारी उभं राहून 'व्हय की' म्हणायला हवं होतं.

आकाराम गेल्यावर त्यांनी शनी पुन्हा शोधला आणि या वेळी नळीला हात न लावता नुसते बघत राहिले. शनी हळूहळू कडेला गेला आणि निसटला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. दुर्बीण जागच्या जागी होती, सरकत होता तो शनी. आकाराम गोठ्यातून येईतोवर तो निघून जात होता.

उसाला पाणी पाजण्यात जन्म गेलेल्या माणसाला यात नवं काही नव्हतं. पाणी आल्यावर पळून उपयोग नसतो. आधीच जाऊन पुढच्या सरीचं तोंड उघडायचं आणि वाट बघत उभं राहायचं. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी तेच धरलं. शनी ज्या बाजूला निसटे, त्या बाजूला नळी पुढे नेऊन ठेवायची आणि मनात आकडे मोजायचे. चार-पाच संध्याकाळींत हात बसला. पण आकारामला पुन्हा हाक मारायला जीभ उचलेना.

एके दिवशी दिवेलागणीला आकारामची बायको रंगूबाई कुंपणाशी वाळलेले कपडे काढत होती.

"काय म्हनतोय अण्णा, तुमचा शनी?"

"दावतो. या."

त्यांनी शनी भिंगात धरला आणि मग सवयीनं नळी पुढे सरकवली. रंगूबाई कपडे खांद्यावर टाकून तोवर येऊन उभीही राहिली.

"शनीला समोरनं बघू न्हाई म्हनत्यात. माझ्या मागं लावताय व्हय?"

"हितं समोरनं बघायचंच न्हाई. भिंग बाजूला हाय."

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि वाकली.

"ह्येंचं खरं हाय की. काळंच हाय."

"थांबा. येतोय."

"कवा?"

"यील."

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याच्या दोन ट्रॉल्या गेल्या, त्यांचा खडखडाट कारखान्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. रंगूबाईनं कमरेवर हात ठेवला, पाय बदलला. अण्णा ओठ हलवत मोजत होते.

रंगूबाईचा हात कमरेवरून सुटला.

"आगं बया! व्हय की! कमरंला पट्टा बांधलाय जनू!"

अण्णांनी मान फिरवली आणि उगाच चष्मा पुसला. ती शनीला पार कडेपर्यंत बघत राहिली. गेल्यावर सरळ झाली.

"पर अण्णा, मी तर हितं कुंपनाला हुते. चार पावलं. एवढा येळ कुनाचा धरलातासा?"

अण्णांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दारापासून अंगणापर्यंत आलेल्या चुन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा होता, रोजच्या तळहातानं उमटलेला. निम्म्या वाटेवर तो जरा रुंद होता. तिथं थांबून दम घ्यावा लागत असे.

रंगूबाईनं भिंतीकडे बघितलं. खांद्यावरचे कपडे काढून ओट्यावर ठेवले आणि स्वतःही टेकली.

"लावा परत," ती म्हणाली. "तेवढाच येळ धरून लावा. मी बसते."