न झोंबणारा फवारा

"मेलो! मेलो गं! नाकात तिखट घातलंस!"

रोज सकाळी हाच तमाशा. थोरली लेक एका हाताने बाबांची मान धरायची, दुसऱ्या हाताने स्प्रे दाबायची आणि अर्धा फवारा त्यांच्या मिशीवर जायचा. पटाशी लागून बोट फाटलं तरी हूं की चूं न करणारा हा सुतार नाकातल्या फवाऱ्यापुढे लहान पोर व्हायचा.

हौस म्हणून कोणी हे करत नव्हतं. रंध्याचा भुसा उभा जन्म बाबांच्या छातीत गेला होता आणि आता साधी सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर उठायची. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नायट्रिक ऑक्साइडचा हा स्प्रे सुचवला. "विषाणू नाकातच अडवावा, असा यामागचा विचार आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पण अजून अभ्यास चालू आहेत, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका. मास्क सोडायचा नाही. आणि हो, थोडं झोंबेल."

थोडं! बाबांचं म्हणणं, त्या बाईंनी आधी स्वतःच्या नाकात मारून बघावं.

या झटापटीत थोरलीची बस चुकायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. उशीर झाला की मालक तोंडाने काही बोलायचे नाहीत, फक्त काउंटरवरचा एकेक चष्मा उचलून पुसत बसायचे, आणि त्या पुसण्यातून तिला जे ऐकू यायचं ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

एका सकाळी स्प्रे संपला. नवी बाटली कपाटात होती, सील न तोडलेली. थोरलीने ती हातात घेतली आणि परत ठेवली. रात्री नीट झोप नव्हती, डोकं ठणकत होतं, आणि बाबा आतल्या खोलीतून आधीच कुरकुरत होते. तिने रिकामी बाटली धुतली आणि दुकानातून आणलेलं सलाईन, लेन्स धुवायचं, तिच्यात भरलं. आजचा एक दिवस, तिने मनाशी म्हटलं. आज मला भांडायचं नाही.

फवारा गेला. बाबा डोळे गच्च मिटून वाट बघत राहिले. मग त्यांनी एक डोळा किलकिला केला.

"झोंबलं नाही!"

"हो?"

"सवय झाली गं! शेवटी झाली की नाही सवय!" आणि त्यांनी आपण होऊन दुसरी नाकपुडी पुढे केली.

थोरलीला हसू आलं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण बाबा इतके खूश होते, आणि त्या दिवशी बस मिळाली.

दुसऱ्या दिवशीही मिळाली. मग ती रोज मिळायला लागली. नव्या बाटलीवर तिने टॉवेलांची चळत ठेवली, म्हणजे कपाट उघडलं की ती दिसायला नको.

इकडे बाबांना भलताच चेव चढला. "माझ्या नाकाला कुलूप आहे," असं म्हणत त्यांनी मास्क खुंटीला टांगला आणि चौकातल्या वाचनालयात बुद्धिबळाला जायला लागले. तिथे त्यांचा जुना दोस्त होता, घरं रंगवणारा. पहिल्या दहा चालींत दोन्ही उंट घालवून बसायचा म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे आणि थोरली उंटकाका. रंगाच्या वासाने त्याचीही छाती कामातून गेली होती.

"मास्क लावा ना बाबा," थोरली म्हणायची.

"आता कशाला? तूच तर रोज मारतेस."

तिच्या तोंडाला तिनेच कुलूप घातलं होतं.

एका संध्याकाळी ती त्यांना आणायला गेली आणि काचेच्या दारापाशीच थबकली. आत बाबांनी उंटकाकांची हनुवटी धरली होती, ती बाबांची धरायची अगदी तशीच, आणि आपल्या बाटलीचं टोक सदऱ्याला पुसून त्यांच्या नाकात घातलं होतं.

"ओरडू नकोस हं. आधी झोंबतं."

"कुठे काय झोंबलं?" उंटकाका म्हणाले.

"जात्याच धीट आहेस लेका! मला महिना लागला."

दोघे खदखदून हसले. थोरली दाराबाहेर उभी राहिली. आत जाऊन सांगायला किती वेळ लागला असता? रस्त्याने येताना ती एवढंच म्हणाली, "आपली बाटली दुसऱ्याला देऊ नये, बाबा." बाबा म्हणाले, "दुसरा कुठला? उंट आहे तो."

आठवड्याभरात दोघेही आडवे झाले. उंटकाकांना दवाखान्यात न्यावं लागलं, तिथे ऑक्सिजन लावला. बाबांचं घरच्या घरी निभावलं, पण ताप पाठ सोडत नव्हता आणि खोकून खोकून ते पार पिळून निघाले. डॉक्टरीणबाई घरी येऊन छाती तपासून गेल्या.

"स्प्रे चालू होता ना?" त्यांनी विचारलं.

थोरलीने तोंड उघडलं, पण बाबांनीच उत्तर दिलं. "एक दिवस चुकला नाही. ही चुकवूच देत नाही."

"मग त्याचाही थोडा उपयोग झाला असेल," बाई म्हणाल्या आणि जाताना त्यांनी थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. "छान काळजी घेता."

तो हात तिला भाजला. बाई जिना उतरेपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिने कपाट उघडलं, टॉवेल बाजूला केले, बाटली काढली आणि बाबांच्या खोलीत गेली. उंटकाकांच्या सुनेचा दुपारी फोन आला होता, अजून ऑक्सिजन काढलेला नव्हता. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

बाबा उशीला टेकून बसले होते. तिच्या हातात नवी बाटली बघून त्यांचा चेहरा उजळला.

"नवी आणलीस? आधी स्वतःला मार. दिवसभर माझ्या उशाशी बसतेस, तुला काही झालं म्हणजे?"

तिने सील तोडलं आणि स्वतःच्या नाकात फवारा मारला. नाकापासून टाळूपर्यंत आग झाली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"झोंबलं ना?" बाबा लाडाने म्हणाले. "होते हळूहळू सवय. आण, आता मला मार." आणि मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून, एखाद्या पदकवाल्या शिपायासारखे ते तयार झाले.

बाटली त्यांच्या नाकापाशी नेऊन थोरलीचा हात थांबला.

"बाबा, हे झोंबेल."

"छे गं. मला सवय झालीय."

"नाही झाली, बाबा. मी सलाईन भरत होते. नुसतं मिठाचं पाणी."

बाबांनी मान हळूहळू सरळ केली. आधी तिच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. ती बोलणी खायला तयार होती, एखादी थप्पड बसली असती तरी बरं वाटलं असतं. पण बाबा तिच्याबद्दल विचारच करत नव्हते.

"म्हणजे उंटाला मी..." ते म्हणाले आणि थांबले. "त्याचा मास्क मीच काढायला लावला गं. म्हटलं, माझ्याकडे आहे ना."

थोरली पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. बाबांनी तिचा बाटली धरलेला हात पकडला आणि स्वतःच्या नाकाशी नेला.

"मार," ते म्हणाले.

तिने मारला. बाबांचं सगळं अंग थरथरलं, डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरलं, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी दुसरी नाकपुडी पुढे केली.