बंद डिकी

संध्याकाळी सहाच्या आत हजर झाली नाही, तर ट्राउटेची खाट यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती. पुनर्वसन रुग्णालयाच्या पत्रात ते वाक्य ठळक अक्षरांत होतं. खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तिला सात आठवडे झाले होते, आणि त्यांच्या कासेल शहरातून रुग्णालय गाडीने दीड तासावर होतं. शनिवारचे बारा वाजून गेले होते आणि तिचा नवरा एकहार्ट खाली अंगणात गाडीच्या डिकीत डोकं खुपसून उभा होता.

गुरुवारपासून गाडीच्या बॅटरीत इंजिन सुरू करण्याइतका जोर उरला नव्हता. सर्व्हिस सेंटरने सव्वीस तारीख दिली, म्हणजे अडीच आठवड्यांनंतरची. शिवाय नव्या बॅटरीची गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते, ते आम्हीच करतो, असंही सांगितलं.

"ओळख? सोयरीक जुळवायची आहे का?" एकहार्ट म्हणाला होता. "मी स्वतः बसवतो. ती तारीख रद्द करून टाक."

"टॅक्सीने जाऊ या का?"

"दारात गाडी असताना?"

एक वाजायला पाच मिनिटं असताना तो हात धुऊन टेबलाशी येऊन बसला. मसुराचं सूप वाढता वाढता ट्राउटेने विचारलं, "झालं?"

"बॅटरी जागेवर बसलीय. तारा जोडायच्या राहिल्यात. दोन नट."

"मग वर का आलास?"

"इमारतीत एक ते तीन शांततेची वेळ."

"अरे, नट आवळताना कसला आवाज होतो?"

"नियमात आवाज नाही लिहिलेला. दुरुस्ती लिहिलंय."

ट्राउटेने कुबड्या भिंतीला टेकवल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात नियमांवरून तिने त्याच्याशी घातलेला एकही वाद ती जिंकली नव्हती. तिने खिडकीतून खाली पाहिलं. जुनी बॅटरी वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. नट आवळायचे पाने, हातमोजे काहीच दिसत नव्हतं. सगळं जागच्या जागी.

"डिकी लावलीस?"

"उघडी बरी दिसत नाही." त्याने सूपचा घोट घेतला. मग त्याचा चमचा हवेतच थांबला.

डिकीचं कुलूप विजेवर चालत होतं. वीज बॅटरीतून यायची. बॅटरी डिकीत होती, पानेही डिकीत होते, आणि मागच्या सीट आडव्या करायचे खटकेसुद्धा डिकीतच.

"एकहार्ट!" ट्राउटे म्हणाली.

त्याने धावत जाऊन किल्लीने पुढचं दार उघडलं आणि गाडीची पुस्तिका काढली. बॉनेटखाली दोन टर्मिनल होती, दुसऱ्या गाडीची बॅटरी तिथे जोडता येत होती. इमारतीत दुसरी गाडी फक्त तळमजल्यावरच्या शेजारीणबाई फ्राउ लोहमान यांच्याकडे होती. इमारतीची नियमावली त्यांनीच टाइप केलेली होती.

ट्राउटे स्वतः कुबड्या टेकत खाली गेली आणि त्यांना काय झालं ते सांगितलं.

"बॅटरी काढल्यावर डिकी कोण लावतं हो?" फ्राउ लोहमान दारातच म्हणाल्या. "मी तीनदा बदललीय. दर वेळी डिकीत छत्री अडकवून ठेवते."

"दुपारच्या वेळी उघडी डिकी बरी दिसली नसती," मागून एकहार्ट म्हणाला.

"ते मात्र खरं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "तीन वाजता येते."

"मला सहाला पोचायचंय!" ट्राउटे म्हणाली.

"मग तीनला आले तरी पुष्कळ वेळ आहे."

ट्राउटे नवऱ्याकडे वळली. "सव्वातीनला गाडी सुरू नसली, तर मी टॅक्सी बोलावणार. आणि तू घरीच थांबायचंस."

तीनला एक मिनिट कमी असताना फ्राउ लोहमान लाल-काळ्या तारा घेऊन आपल्या बॉनेटपाशी उभ्या राहिल्या. चर्चच्या घड्याळाचा पहिला ठोका पडला तसा त्यांनी चिमटा लावला.

"आत लाल तारेचं तोंड उघडं नाही ना? ठिणगी उडेल."

"लोकरी मोज्यात बांधलंय."

"कोणाच्या?" ट्राउटेने विचारलं. एकहार्ट लगबगीने डिकीपाशी गेला.

खट्‌ झालं आणि डिकी उघडली. तो आत शिरला तशी फ्राउ लोहमाननी झाकणाखाली आपली छत्री आडवी लावली. तीन वाजून बारा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. टॅक्सीचा नंबर ट्राउटेच्या फोनवर तसाच राहिला.

वाटेत घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं, आणि गाडीच्या पडद्यावर पिवळी अक्षरं होती: सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. एकहार्टने त्यावर पार्किंगची वेळ दाखवायची पुठ्ठ्याची तबकडी टेकवून ठेवली.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना ते रुग्णालयाच्या पोर्चमध्ये पोचले. एकहार्टने बॅग काढली, पण पुन्हा सुरू झालं नाही तर, या भीतीने तो इंजिन बंद करेना. समोरच पाटी होती: थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद ठेवा.

"नियम आहे," ट्राउटे म्हणाली.

त्याने पाटीकडे पाहिलं, मग पिवळ्या अक्षरांवरच्या तबकडीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा पाटीकडे पाठ फिरवली.

"ती सव्वीस तारीख," तो हळूच म्हणाला, "रद्द केलीस का गं?"

"नाही."

"किती वाजताची?"

"सव्वाआठ. आणि घरी गेल्यावर माझा मोजा धुऊन ठेव."